एकटीचं धुणं

प्रिय कादंबरी,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. सकाळपासून नुसती बसतेय आणि उठतेय. मध्येच गॅस बंद आहे का ते पाहून आले. बंदच होता.

तू दिलेला धुण्याचा हिरवा चेंडू उन्हाळ्यापासून मशीनमध्ये टाकतेय. साबण नाही तरी कपडे स्वच्छ, असं मीच कौतुकानं म्हणाले. तू ते मोबाइलवर टिपून जाहिरातीत घातलंस. आता वारज्यात भाजी घ्यायला गेले तरी बायका विचारतात, "अहो, चेंडूवाल्या आजी तुम्हीच ना?" खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तुझे बाबा गेल्यापासून मला कुणी कशासाठी ओळखलं नव्हतं.

समोरच्या शेफालीनं माझ्या शब्दावर चेंडू घेतला आणि बाळाची दुपटी, लंगोट साबणाशिवाय त्यानंच धुतले. परवा दारात येऊन म्हणते, "काकू, वास जात नाही हो. माझंच काही चुकतंय का?" बाळाच्या मांड्या लालभडक. तिचं काय चुकणार?

तेव्हापासून चैन नाही. खोक्यावर लिहिलंय, आतले मणी ऋण आयन सोडतात, पाण्याच्या रेणूंचे गुच्छ फोडतात. ग्रंथालयातून रसायनशास्त्राचं पुस्तक आणलं. रेणू एरवीही क्षणोक्षणी सुटतात, जुळतात. चेंडूची वाट बघत बसत नाहीत. मग चेंडू बाहेर ठेवून नुसत्या पाण्यात कपडे धुतले. तितकेच स्वच्छ निघाले. अगं, माझे कपडे मळतातच कुठे? एकटी बाई, दोन साड्या, पंख्याखाली वाचत बसायचं. तुझे बाबा खडकीच्या कारखान्यातून यायचे, तेव्हा कॉलरवरचं तेल घासून हात भरून यायचे. त्या शर्टांपुढे तुझा चेंडू पहिल्याच दिवशी नापास झाला असता.

शेफालीला साबण नेऊन दिला, बाळाला डॉक्टरांकडे ने म्हटलं, आणि खरं काय ते सांगितलं. नोकरी सोडून तू या चेंडूंच्या धंद्यात उतरलीस, रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिकाला मला पुढे बसवणार आहेस, सगळं ठाऊक आहे. त्याआधी माझा व्हिडिओ काढून टाक. एक मळका कपडा चेंडूबरोबर आणि एक नुसत्या पाण्यात धुऊन तूच बघ; माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एवढं करूनही मला बोलायला उभं केलंस, तर उभी राहीन आणि हेच सांगेन. लोकांसमोर तुला ते पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून आधी कळवलं.

रागावलीस तरी तुझीच,
आई