रंगाखालची अर्थिंग

जावईबापू,

चहा झाकून ठेवलाय, गरम करून घ्या.

जुन्या मोटरसायकलच्या स्टार्टरचा दोष सापडला. तुमच्या वायरिंगमध्ये नव्हता. मी तुमचा एकेक जोड उघडून पाहिला आणि, खोटं कशाला बोलू, चूक सापडावी म्हणूनच पाहिला. सगळे पक्के निघाले. अर्थिंगची वायर सांगाड्याला जिथे कसतात, तिथे मीच नुकताच हौसेनं मारलेला काळा रंग होता. रंगातून करंट जाणार कसा? म्हणून बटण दाबलं की नुसतं टक् व्हायचं. रंग खरवडला, बोल्ट कसला आणि म्हातारी एका दमात सुरू झाली.

काल ताईकडे सगळ्यांसमोर मी म्हणाले, "जावयाचा हात लागला आणि चालती गाडी मुकी झाली." तुम्हीही हसलात. घरी आल्यावर मात्र मी दिलेली पाना-पक्कड परत माझ्या पेटीत ठेवून दिलीत. तेव्हापासून तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटतेय.

ताईकडे जाऊन सगळ्यांना खरं सांगून येते. पायीच जातेय. गाडी नेली तर सगळे तिचंच कौतुक करत बसतील आणि मला गप्प राहायला निमित्त मिळेल.

— आई