पाट्याला टाकी लावली ती दुपार

नाना, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. या वयात लेक तुमच्याशी भांडायला बसली म्हणून माझं मलाच हसू येतं. पण सकाळी वर्तमानपत्रात फुटपाथवरच्या माणसाला पोलिसांनी मारल्याची बातमी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मारतील नाही तर काय, पूजा करतील?" आणि मला आपल्या ठाण्याच्या घराचा ओटा आठवला.

स्वातंत्र्य मिळून चारेक वर्षं झाली असतील. ती पाथरवटीण ओट्यावर बसून आपल्या घरच्या झिजलेल्या पाट्याला छिन्नीने खाचा पाडून टाकी लावते आहे. ती आणि तिचा नवरा नाक्यावरच्या भिंतीलगत उघड्यावर राहायची. तुम्ही शाळेतून येऊन आत आडवे झाला आहात. "ए बाई, हळू ठोक गं, जरा डोळा लागू दे," तुम्ही ओरडता. ती हसते आणि हळू ठोकू लागते. त्याच वेळी तिकडे चौकीत पोलीस तिच्या नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं मोडत होते. कुणाचं तरी तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं होतं, एवढंच निमित्त.

संध्याकाळी हवालदार पंचनामा लिहूनच घेऊन आला. आरोपी पळता पळता दगडावर पडला आणि हात मोडला, हे दोन पंचांनी समक्ष पाहिलं, असा मजकूर. "मास्तर, तुमची सही पायजे. उगाच उन्हात कशाला तुम्हाला बोलवा, म्हटलं." तुम्ही चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलंत. इंग्रज असताना याच हवालदाराला तुम्ही दारात उभं केलं नसतंत. आता मला म्हणालात, "अगं, आता आपलं राज्य आहे. आपले पोलीस खोटं कशाला लिहितील?" आणि न पाहिलेलं पाहिलं म्हणून सही केलीत. मी त्याच्यासाठी चहा टाकला.

एका नवख्या वकिलाने तिच्यासाठी अर्ज केला, तेव्हा चौकशीला वरून साहेब आले. आळी एकजात पोलिसांच्या बाजूची. आता भांडी परसात निर्धास्त राहतात, असं चांगली शिकलेली माणसं म्हणत होती. तुम्हीही साहेबांना सांगितलंत, "मी पाहिलं." सही नाकारली असती तर मास्तर खोटे ठरले असते. हवालदार सुटला आणि ती दोघं कल्याणच्या बाजूला निघून गेली. तो राग मी आयुष्यभर पोसला. नानांनी एका गरिबाच्या पोटावर पाय दिला, असं मी मुलांना सांगितलं, नातवंडांनाही सांगितलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी ती मागच्या दाराशी आली होती, हे तुम्हाला कधीच कळलं नाही. "ताई, त्याला टाकी धरता येत नाय. आता खायाचं काय आम्ही? त्या दुपारी नाना घरात निजलेले, मला ओरडलेले, तुम्ही ऐकलंत ना? तेवढंच सायबाला सांगा. माझं कोण ऐकतंय?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

ती आल्या दारानेच परत गेली.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, नाना. मुलांच्या हाती लागायला नको. त्यांनी तुम्हालाच दोष देत राहावं, असं मला अजूनही वाटतं.