खुर्ची वगळून बाकी सर्व

लिहून ठेवणार गॉटहोल्ड एमिल मीर्श, वय छप्पन्न, धंदा कापडी फुले तयार करणे, राहणार लोझबाख, सॅक्सनी, पूर्व जर्मनी. माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कुणाचा दाब नाही आणि बिअर काल रात्रीपासून बंद आहे. डोके ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणून आधी एक तक्रार नोंदवतो. मे दिनाला छातीवर लावायचे तांबडे कार्नेशन आमच्या कारखान्यात होत असे, तेव्हा देठाच्या तारेचे टोक आत मुडपून त्यावर हिरवा कागद गुंडाळत. कारखाना जनतेच्या मालकीचा झाल्यापासून टोक उघडेच राहते. माझ्या राखाडी कोटाला त्यामुळे भोक पडले आहे. जनतेचा एक घटक, म्हणजेच त्या तारेचा अंशतः मालक या नात्याने मी स्वतःचा निषेध करतो.

येत्या गुरुवारी ड्रेस्डेनला माझे पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. हे त्यांनी दोनदा सांगितले, म्हणून लिहायला बसलो. माझ्यामागे काय कुणाला द्यायचे ते अवघड नाही. अवघड आहे ती नगरपरिषदेतली माझी खुर्ची. ती माझी नाही, मला देता येत नाही, आणि माझा मुलगा फाल्क तिच्यावर बसणार की नाही याकडे गावाचे लक्ष आहे. त्याबद्दल कलम सहामध्ये.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत जे असेल ते पत्नी इर्मट्राउट हिला. छप्पर गळते. कौलांसाठी केलेला अर्ज टेबलाच्या खणात आहे, तोही तिचाच.

कलम २. मोटारगाडीसाठी मी नऊ वर्षांपूर्वी नाव नोंदवले. गाडी नाही, पण रांगेत जागा आहे, आणि चांगली पुढे सरकलेली आहे. ती जागा कन्या रेगीने हिला. गाडी येईपर्यंत तिची मुलगी चालवण्याच्या वयाची होईल.

कलम ३. संस्कृत व्याकरण आणि कोश पाद्री श्रोटर यांना. लाइपझिगला मी चार सत्रे ती भाषा शिकलो, मग वडील वारले आणि फुलांकडे यावे लागले. त्या जाड पुस्तकांत मी काहीतरी लपवतो असा पाद्रीबुवांचा जुना संशय आहे. त्यांनी पान न् पान उलटून खात्री करून घ्यावी, तेवढेच व्याकरण होईल. व्यवहारात त्या विद्येचा मला एकच उपयोग झाला. पक्षाच्या सभेत प्रत्येक ठरावानंतर मी मनातल्या मनात ‘तथास्तु’ म्हणत असे, त्यामुळे चेहरा प्रसन्न राही.

कलम ४. पक्षाबद्दल नातीसाठी लिहून ठेवतो, कारण शाळेत तिला हे अशा भाषेत कुणी सांगणार नाही. आपल्या देशात मोठा पक्ष एकच, तो राज्य करतो. त्याच्या सावलीत काही लहान पक्ष आहेत. आमचा लहान पक्ष दुकानदार, कारागीर आणि उरल्यासुरल्या कारखानदारांचा. मालकवर्ग नाहीसा व्हावा हे मोठ्या पक्षाचे ध्येय आणि मालकवर्गातर्फे त्या ध्येयाला पाठिंबा देणे हे आमचे काम. त्याबद्दल लोझबाखच्या नगरपरिषदेत आम्हाला चार खुर्च्या आहेत. निवडणुकीआधी चार, निवडणुकीनंतर चार. इतके स्थैर्य मी दुसऱ्या कुठल्याही धंद्यात पाहिले नाही.

मी गावशाखेचा अध्यक्ष. सन बहात्तरच्या वसंतात जिल्ह्याहून टाइप केलेला ठराव आला: आम्ही खाजगी कारखानदार आमचे कारखाने राज्याने विकत घ्यावेत अशी उत्स्फूर्त विनंती करतो. उत्स्फूर्ततेची तारीखही वर छापलेली होती. ‘हरीण’ खानावळीच्या मागच्या खोलीत तो मी वाचून दाखवला. समोर चार कारखानदार बसले होते, पाचवा मी. मोठ्या पक्षाचा सचिव नोआक पाहुणा म्हणून हजर होता. तो आणि मी शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे एकमेकांचे हस्ताक्षर ओळखतो. ब्रशवाल्या एवाल्ड पोलिंकने विचारले, “तटस्थ राहता येतं का?”

नोआक म्हणाला, “येतं की. आजवर कुणाला गरज पडली नाही, इतकंच.”

त्या दिवशीही पडली नाही. पोलिंक तेव्हापासून मला पाहून रस्ता ओलांडतो. आमच्या बागेतल्या मागच्या झाडाचे आलुबुखार दरवर्षी त्याला द्यावेत. घ्यायचे की नाही याबाबत त्याने तटस्थ राहू नये.

कलम ५. कारखाना गेल्यावर मी अंगणातल्या शेडमध्ये लहान कार्यशाळा काढली. नवरीच्या डोक्यावरची फुले, टोप्यांची फुले, नाटकांसाठी गुलाब. तेथील सर्व हत्यारे फाल्क याला: पाकळ्या कापायचे लोखंडी ठसे, पाकळीला बाक द्यायचे तापवायचे गोळे, रंगाची भांडी आणि आजोबांचा खसखशीच्या फुलाचा ठसा, जो कारखान्याच्या यादीत चढवायचा कुणाच्या लक्षात आला नाही. फाल्कचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. त्याचे जाईचे फूल पाहून गेल्या उन्हाळ्यात एक मधमाशी फसली. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहितो.

कलम ६. खुर्ची. कार्यशाळेचा परवाना माझ्या नावावर आहे आणि माझ्याबरोबर संपतो. तो फाल्कला नव्याने मिळायचा तर नगरपरिषदेने द्यावा लागेल. परिषदेत आमच्या पक्षाची खुर्ची भरलेली असेल तर परवाना मिळतो, रिकामी असेल तर अर्ज हरवतो. असे कुठेही लिहिलेले नाही. सर्वांना पाठ आहे.

गेल्या आठवड्यात नोआक खऱ्या कॉफीचा पुडा घेऊन आला. आधी त्याने माझ्या पित्ताशयाची चौकशी केली, मग आमच्या शाखेची. सगळे म्हातारे झालेत, नवीन कुणी येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलेले दिसले.

“तू गेलास तर मी एकजूट कुणाशी करू, गॉटहोल्ड? एकट्याची एकजूट बरी दिसत नाही रे.” मग म्हणाला, “मृत्युपत्रात एक ओळ घाल. हत्यारं फाल्कला, पण पक्षात आला तर. बापाचा शब्द म्हटला की पोरगं ऐकतं.”

इर्मट्राउट कपबश्या मांडत होती. ती म्हणाली, “माणूस मेल्यावरसुद्धा तुम्हाला ठराव पास करून हवाय का, नोआकसाहेब?”

नोआक रागावला नाही. तो रागावत नाही, हाच त्याच्याशी वागण्यातला त्रास आहे. तिने कॉफीचा पुडा परत दिला नाही. ते बरोबरच केले.

ती ओळ मी घालत नाही. हत्यारे बिनशर्त फाल्कची. तो पक्षात गेला तरी त्याची, शेड बंद करून रेल्वेत लागला तरी त्याची. हे वाचून कुणी माझी इच्छा काय होती याचा अर्थ लावू नये, विशेषतः नोआकने.

कलम ७. अंत्यविधीला पक्षाचा पुष्पहार येईल, तो येऊ द्यावा. भाषण नको. झालेच, तर त्यात ‘उत्स्फूर्त’ हा शब्द नसावा. नंतर ‘हरीण’मध्ये सर्वांना बटाट्याचे सूप आणि सॉसेज.

कलम ८. फाल्कला मी विचारले होते, तुझ्या मनात काय आहे. गुलाबाला तार लावता लावता तो म्हणाला, “बाबा, बसलो तर काय बिघडतं? हात वर करायचा आणि घरी यायचं. तुम्ही बत्तीस वर्षं केलंत. तुमचं काय झालं?”

तो चांगल्या मनाने विचारत होता. शेडमध्ये दोन बायका काम करतात, त्यांचीही भाकरी त्या परवान्यावर आहे, हे तो विसरलेला नाही. तो बसलाच तर मी त्याला दोष देणार नाही.

पण मागच्या महिन्याच्या सभेला तो पाहुणा म्हणून आला होता. भिंतीकडेच्या बाकावर बसून शेजारच्याशी रंगांबद्दल बोलत होता. मी बटाटे काढणीला मदत करण्याचा ठराव वाचायला घेतला, पहिले वाक्य झाले आणि चष्मा पुसायला थांबलो. तेवढ्यात एकच हात वर गेला. फाल्कचा. बोलणे चालूच होते, माझ्याकडे त्याने पाहिलेही नव्हते. सगळे हसले. नोआक म्हणाला, “अरे बाळा, तुला अजून मत नाही. पण हात छान आहे.” फाल्कही हसला, लाजून, आणि हात खाली घेतला.

शस्त्रक्रियेची मला भीती वाटत नाही. त्या हाताची वाटते.

स्वहस्ते लिहून सही केली.
गॉटहोल्ड एमिल मीर्श
लोझबाख, १० ऑक्टोबर १९८३

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, पण आमच्या गावात दोघांशिवाय काही खरे मानत नाहीत.

साक्षीदार (सही आमच्यासमोर झाली, मजकूर आम्ही वाचलेला नाही):
१. हेल्गा रूडोल्फ, औषधविक्रेती
२. ओटो क्लिम, घड्याळजी