ओतशाळेचं गळकं छप्पर

३ मार्च

कारखान्याचं संग्रहालय करणाऱ्या समितीने माझ्या गळ्यात काम टाकलं — तांबं गाळायच्या बंद कारखान्याचा इतिहास, फलकावर मावेल एवढा. वीस तारखेला छापायला द्यायचा. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दोनशे शब्द म्हणजे हातचा मळ!

७ मार्च

ओतशाळेतल्या जुन्या अपघाताबद्दल समितीकडे एकच कागद — माझ्याच बातमीचं कात्रण. ‘ओतणाऱ्याने साचा कोरडा केला नव्हता. ओल्या साच्यात वितळलेलं तांबं पडून स्फोट. ओतणारा जागीच ठार.’ कंपनीच्या पत्रकावरून लिहिलं होतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “हेच घ्या की. आयतं आहे.”

ओतणाऱ्याची मुलगी उद्घाटनाला येणार आहे.

८ मार्च

एक ओळ सुचली नाही. मला!

११ मार्च

जुन्या मुकादमाला घेऊन ओतशाळेत गेलो. ऐंशी उलटली, जीभ तशीच. “काय बातमीदार, अजून वरून बोलावणं नाही?”

“रांगेत तुम्ही पुढे आहात.”

हसला. मग काठी वर केली. पत्र्याला भोक, तिथून खांबावर गंजाचा ओघळ, थेट साच्यांच्या ओट्यापर्यंत. “साचा त्याने तापवला होता, मी पाहिलंय. भट्टीला तासभर उशीर झाला, तेवढ्यात वरून पावसाचं पाणी गळून त्यात साचलं. छप्पर गळतंय म्हणून तीनदा लेखी दिलं होतं!”

“तेव्हा का नाही बोललात?”

“विचारलं कोणी?”

१२ मार्च

सोमवारी पत्रे बदलणार, खांब घासून रंगवणार! अध्यक्षबाईंना म्हटलं, पत्रे बदला, पण तो ओघळ राहू द्या.

“अहो, लोक कारखाना बघायला येतील, गळती नाही.”

दीड तास हुज्जत. शेवटी — “बरं बाबा, एक खांब राहील. पण का ठेवला, ते तुम्ही लिहायचं.”

१९ मार्च

लिहिलं. ‘साचा तापवलेला होता. छप्पर गळत होतं. तीनदा कळवूनही दुरुस्त केलं नाही. वर्तमानपत्राने दोष मृतावर टाकला.’ ‘वर्तमानपत्राने’ खोडून ‘मी’ केलं. फलकावर ‘मी’ कोण? पुन्हा ‘वर्तमानपत्राने’. एक दिवस आधीच देऊन टाकलं.

२ एप्रिल

मुलगी — आता पन्नाशीची — फलक वाचून त्या खांबाशी उभी राहिली. ती बातमी माझी होती, म्हणालो. “काका, त्या दिवशी तुम्ही आत गेला होतात?”

“हो.”

“मग?”

सांगितलं तिला — मी टिपून घेत होतो, त्या वहीवर वरून पाणी पडत होतं.