अक्का शेडवर हाय

प्रिय माया,

बदामाचा डबा पोचला. आता परत पाठवलास तर तसाच फलटणला माघारी धाडीन. बेदाण्याच्या मुलखात बदाम पाठवतीस, आणि वर फोनवर सांगतीस, आईला भिजवून दे, आठवण सुधारंल. तुझे बदाम आईनं ताटात घेतले आणि बेदाण्यागत निवडायला बसली. दिवसभर काड्या शोधत होती. बदामाला काडी असती का? पण हात ऐकत न्हाईत तिचे.

सांगलीचा डॉक्टर म्हणाला, सगळ्या आठवणी एका जागी नसतात. हाताची सवय लय दिवस टिकती, आपण जगलेलं आधी पुसलं जातं. मग त्यानं आईला विचारलं, आजी, लेकी किती? म्हणाली, एकच, माया. मी शेजारीच तिची चप्पल हातात धरून उभी होते.

तवापासून मी माया हाय. आधी सांगून बघितलं, आई, मी बनू. तर परक्याच्या घरात आल्यासारखी घाबरली, भरल्या ताटावरनं उठली. म्हणून आता मुकाट ओ देते. परवा तिचं डोकं विंचरत होते तर म्हणाली, माये, तुला विंचू चावला तवा पाठकुळीला घेऊन तासगावपर्यंत पळाले मी. अगं, विंचू मला चावलेला. तू पाळण्यात होतीस. पाय माझा सुजला आणि आठवण तुझ्या नावावर. मी म्हटलं, व्हय आई, लय पळालीस.

हे फोनवर बोलता येत न्हाई, ती कायम माझ्या पदराला धरून असती, आणि तुला नेहमीची घाई. म्हणून लिहायला बसले, चौथीतल्या अक्षरात. हसू नकोस.

शाळेतनं आलीस की उंबऱ्यातनंच दप्तर फेकून ओरडायचीस, अक्का कुठाय? मी बेदाण्याच्या शेडवर कामाला गेलेली असायची. आई घरचं सूप पुढ्यात घेऊन निवडत बसलेली. मान वर न करताच म्हणायची, अक्का शेडवर हाय, येईल, तू भाकरी खा. रोज तेच. कोंबड्यांना पाठ झालं असंल.

काल शेजारच्या बाळाबाईनं बनू म्हणून हाक मारली आणि मी वळूनसुद्धा बघितलं न्हाई. खांद्याला हलवून म्हणाली, कान गेले का गं तुझे? कान न्हाई गेले. दमले मी, माया. मला तुझं काही नको. पाडव्याला तेवढी ये, आणि आत यायच्या आधी उंबऱ्यातनं तसंच ओरड. हाताची सवय टिकती तर तोंडाचीही टिकत असंल. मी आत चुलीपाशी उभी राहून ऐकीन, तिच्या तोंडून निघतंय का ते. येतीस का न्हाई, शनिवारच्या आत कळव.

तुझीच,
अक्का