दारात नाव विचारणारा मामा

दि. ४ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला दाखवू नका. माझ्या हातून मोठा घोळ झालाय. परवा वॉर्डात रक्त घ्यायला गेले, तेव्हा वेळ वाचावा म्हणून नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवून नेल्या होत्या. नेमकी त्या सकाळी दोन आजोबांच्या खाटांची अदलाबदल झाली होती. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नळीत गेलं. सिस्टरांनी रक्तगट पुन्हा तपासायला लावला म्हणून निभावलं, नाहीतर हकनाक जीव गेला असता.

मॅडम ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. पंधरा तारखेला मी कोर्स सोडल्याचा अर्ज देणार आहे. लॅब टेक्निशियन होणं माझ्या कुवतीतलं नाही.

तुमची ती एका खोलीची लॅब फार आठवते. खिडकीपाशी मायक्रोस्कोप, स्पिरिटचा वास. दारातच अडवून तुम्ही रोज माझं नाव विचारायचात, मगच आत घ्यायचात. मामाला विसरायचा रोग आहे, असं मी शाळाभर सांगितलं होतं! तिथे सगळं किती सोपं वाटायचं.

आशीर्वाद मागायचं तोंड नाही, तरी मागते.
तुमची नालायक भाची

दि. ८ जुलै

चि. भाची ठमाकाकू हिस,
अ. उ. आ.

सोपं? अगं माझे आई! तुला पुस्तकं आहेत, मॅडम आहेत. मी तीन महिने डॉक्टरांच्या हाताखाली बाटल्या धुतल्या, आणि चौथ्या महिन्यात अख्ख्या दवाखान्याचं रक्त माझ्या एकट्याच्या हाती आलं. एका बाईंना मी विचारलं की तुम्ही अमक्याच ना. पांढऱ्या कोटापुढे माणसं मान डोलावतात, तशी त्यांनीही डोलावली. त्या अमक्या नव्हत्याच. मग खऱ्या अमक्या बाईंना भलतंच रक्त चढलं आणि त्या थरथरा कापायला लागल्या. डॉक्टरांनी लगेच बंद केलं. आठ दिवसांनी बाई धडधाकट घरी गेल्या. तुझ्या आईलाही हे ठाऊक नाही.

तेव्हापासून ज्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि चिठ्ठी तिथेच, खाटेपाशी लिहायची. सवय मोडू नये म्हणून घरच्यांवर सराव करायचो. तू रोज आयती सापडायचीस. माझा रोग तो एवढाच.

अर्ज द्यायचा तर खुशाल दे. पण पोळलेली मुलगी गेली की तिच्या जागी न पोळलेली येईल, हे ध्यानात ठेव.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा मामा

दि. १६ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग तुमची ती दारातली मुद्रा आठवून हसले. अर्ज फाडला. मॅडमना विचारून तुमची गोष्ट वर्गात सांगितली, नाव मात्र गाळलं.

खाटा बदललेल्या त्या दोघांतले एक आजोबा अजून इथेच आहेत. आठवडाभर रोज मीच रक्त घेते आणि रोज नाव विचारते. आज ते वैतागले. म्हणाले की पोरी, तुला विसरायचा रोग आहे की काय. मी म्हटलं, हो, मामाकडून आलाय.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची ठमाकाकू