रविवारचं मरण

प्रिय स्टोयान,

हे पत्र तुला लोकरी मोज्यात सापडेल. पाय चिंब झाल्याशिवाय तू मोजे बदलत नाहीस आणि शनिवारी डोंगरावर पाऊस सांगितलाय, म्हणून मोज्यातच ठेवते आहे. दुसरं पत्र पावाच्या टोपलीबरोबर खंदकात येईल, ते तुमचा कॅप्टन काझिमिर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचेल. ते मी त्याच्या नियमाबरहुकूम लिहिलंय. पेन्सिलीनं, विजेच्या बिलाचं नाव न काढता, जणू एकोणीसशे सोळा साल चालू आहे आणि तू सम्राटासाठी लढतो आहेस. त्यात आपली गाय व्याली आहे. आपल्याकडे गाय नाही हे ठाऊक असूनही तुम्ही सगळे डोळे पुसाल, दातांचा डॉक्टर काझिमिर सगळ्यात आधी. खरं सांगू, लिहिताना मलाही मजा आली. हे मोज्यातलं लिहिताना मात्र हात थांबत थांबत चालतोय. तू आत्ता अंगणात बुटांना चरबी चोळत बसला आहेस, मला खिडकीतून दिसतोस, आणि तू आत यायच्या आत मला हे संपवायचं आहे.

दगडखाण बंद झाली तेव्हा तू स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलास आणि मला कांदा कसा चिरायचा ते शिकवू लागलास. म्हणून मीच तुला जुन्या महायुद्धाची लढाई दर रविवारी खोटी खोटी लढणाऱ्या त्या मंडळींत ढकललं. कोटाची बटणं मी शिवली, टोपीचा बिल्ला मी गंज खरवडून चकचकीत केला. तुझा पहिला रविवार आठवतो? सकाळी काझिमिरनं टोपीत घेवड्याचे दाणे घातले, पांढरे पुष्कळ आणि काळे थोडे, आणि एकेकानं हात घालून दाणा काढायचा. काळा आला त्यानं दुपारच्या आत मरायचं. तुला काळा आला. शिट्टी वाजली, तुम्ही खंदकातून वर आलात, आणि तू पडण्याआधी चांगला थबकून कोरडी जागा शोधलीस, कारण कोट मला धुवावा लागणार होता. दोरीमागे उभ्या आम्ही बायका पोट धरधरून हसलो. नंतर मेलेले आणि जिवंत, आपले आणि समोरचे इटालियन, एकाच पातेल्यातला आंबट कोबी-घेवड्याचा योटा ओरपत बसलात. तू तीनदा वाढून घेतलास. त्या रात्री तू खाणीनंतर पहिल्यांदा गाढ झोपलास, आणि मी देवाचे आभार मानले.

पुढे तू जागा शोधायचं सोडलंस. पडायचास तो धाडकन, दगड आहे की काटेरी तार आहे ते न बघता. एकदा डोकं फुटलं, रक्त कानामागून कॉलरमध्ये उतरलं, आणि तू उठून हसलास. बाकीचे काळा दाणा आला की कुरकुरतात, बायको आली आहे, निदान जेवणापर्यंत जगू दे म्हणतात. तू त्यांचे काळे दाणे मागून घेऊ लागलास. काझिमिर मला कौतुकानं म्हणाला की स्टोयानसारखं मरणं कुणाला जमत नाही. मी त्याला वाइन ओतून दिली.

मग आवाजाचं निघालं. काझिमिरला तुमचे दुकानातून आणलेले खोटे बार लग्नातल्या फटाक्यांसारखे वाटत होते. तू म्हणालास, मी बघतो. खाणीत सगळा जन्म सुरुंग लावण्यात गेलेला माणूस, तूच बघणार. आधी आपल्या ओस पडलेल्या गोठ्याला कुलूप लागलं. मग नांगरताना निघालेले त्या लढाईतले न फुटलेले तोफगोळे, जे आपल्याकडे शाळेतलं पोरसुद्धा हात न लावता सोडून देतं आणि घरी येऊन फोन करायला सांगतं, ते लोक फोन न करता तुला आणून देऊ लागले. गोण्यांत गुंडाळून, गाडीच्या डिकीतून. तू त्यातली स्फोटाची दारू काढतोस हे मला कुणी सांगितलं नाही. पण मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुझे आजोबा, नोनो, जिवंत होते. लढाईनंतर उपाशी गावानं हाच धंदा केला, पितळ विकलं आणि भाकरी खाल्ली. नोनो उरलेल्या दोन बोटांत चमचा धरून जेवायचे, आणि त्यांच्या भावाचं नाव घरात कुणी काढत नसे. त्याला टोपलीत भरून आणलं होतं. तूच मला हे लग्नाआधी सांगितलंस, आणि सांगताना तुझा आवाज फाटला होता.

मी इतके महिने गप्प का राहिले, तेही सांगते. तू गोठ्यात जाण्याआधी मला घराबाहेर काढायचास. चर्चमधली फुलं बदल, शेजारच्या म्हाताऱ्या पावलाकडून विरजण आण, तासभर बस तिच्याशी, बिचारी एकटी असते. पावलाचं बोलणं तुला मिनिटभर सोसत नाही, तरी तुला तिचा कळवळा येई. एकदा मी लवकर परतले, गोठ्याच्या फटीतून तुझी वाकलेली पाठ दिसली, आणि त्या सगळ्या कामांचा उलगडा झाला. राग आला. पण बरंही वाटलं, यावर तुझा विश्वास बसणार नाही. म्हटलं, माझ्यापुरती का होईना, या माणसाची भीती शाबूत आहे. खाणीत सुरुंगाचा भोंगा वाजवल्यावरही तू स्वतः रस्त्यावर जाऊन एखादं कुत्रं तर आलं नाही ना ते बघायचास, लोक तुला भित्रा म्हणायचे. मी त्या भित्र्याशी लग्न केलं होतं. तो गोठ्यात जिवंत आहे तोवर मी सहन करीन, असं मी ठरवलं.

गेल्या मंगळवारी तू मला कुठेच पाठवलं नाहीस. मी कणीक मळत होते आणि तू गोठ्यातून हाक मारलीस, "झोरा, जरा ये गं. हे धर एवढं." मी पिठाच्या हातांनी आले आणि तू एक तोफगोळा माझ्या हातांत दिलास. दिसतो त्याहून किती जड असतो, आणि गार. तू चाकूनं त्याच्या मानेवरचा गंज खरवडत होतास आणि शीळ घालत होतास. मी गोळ्याकडे पाहिलंच नाही, तुझ्या तोंडाकडे पाहत होते. तिथे काही नव्हतं. वाटाणे सोलताना असतं तेवढंही नाही. माझे हात थरथरले तेव्हा तू वर न बघता म्हणालास, "अगं, शंभर वर्षं झोपलाय तो. आता कशाला उठतोय?" मग ठेव म्हणालास, मी ठेवला, आत आले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले. तेव्हा मला कळलं, स्टोयान. तू दर रविवारी मरतोस आणि दर रविवारी उठून योटा खातोस. तुला वाटायला लागलंय की मरण म्हणजे एवढंच असतं.

उद्या सकाळी, तू डोंगरावर पोचलेला असशील तेव्हा, गोळे उचलणारी सरकारी माणसं येतील. मी बोलावली आहेत. फोनवर त्यांनी नाव विचारलं, मी तुझं सांगितलं आणि स्वतःचंही. ते आपली सगळी गल्ली रिकामी करतील, पावलाला खुर्चीसकट उचलून नेतील, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळेल. पोलीस तुझ्यासाठी कदाचित वरच येतील, कदाचित तू खाली येण्याची वाट बघतील. कोर्ट होईल. काझिमिर म्हणेल, झोरानं दगा दिला, आणि तुमची मंडळी मोडली तर तेही माझ्याच माथी येईल. येऊ दे. तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू हो हो म्हणाला असतास आणि ते गोळे दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात हलवले असतेस. मग ते कुठे आहेत हे मलाही कळलं नसतं. म्हणून तू घरात नसताना करते आहे, आणि पोलिसांच्या तोंडून ऐकायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिते आहे. एकच मागणं आहे. परत आलास की आधी रिकाम्या गोठ्यात जा, आणि त्या मंगळवारी मी तिथे काय धरून उभी होते ते आठव. तुझे हात कापले, तर मला हाक मार, मी घरातच असेन, कोर्टातही तुझ्या शेजारी बसेन. नाही कापले, तर हाक मारू नकोस. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली असेल.

तरीही तुझीच,
झोरा